दोषसिद्धी-फेरतपासणी आयोग

फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या आणि अपिलाचे नेहमीचे मार्ग संपलेल्या व्यक्तीच्या खटल्याची नव्याने चौकशी करून, तिची दोषसिद्धी चुकीची असण्याचा सबळ संभव दिसल्यास ते प्रकरण पुन्हा वरिष्ठ न्यायालयापुढे पाठविणारी स्वतंत्र वैधानिक संस्था. असा आयोग स्वतः कोणालाही निर्दोष ठरवीत नाही व शिक्षा रद्दही करीत नाही. न्यायालयापुढे कधीच न आलेली किंवा आणली न गेलेली वस्तुस्थिती शोधून काढणे आणि बंद झालेल्या खटल्याचे दार न्यायालयाकरवी उघडविणे, एवढेच त्याचे कार्य असते. इंग्लंड, स्कॉटलंड, नॉर्वे, न्यूझीलंड इ. देशांत अशा संस्था कार्यरत आहेत. भारतात व महाराष्ट्र राज्यात अशी संस्था नाही.

संकल्पना : अपील आणि फेरतपासणी यांत मूलभूत भेद आहे. अपील न्यायालय सामान्यतः खालच्या न्यायालयातील अभिलेखाच्या आधारे निर्णय देते. साक्षीदारांच्या जबान्या, पंचनामे, वैद्यकीय अहवाल आणि दाखल झालेली कागदपत्रे यांवरून निघालेला निष्कर्ष कायद्याला व तर्काला धरून आहे की नाही, हे ते पाहते. अपवादादाखल अधिक पुरावा घेण्याचा अधिकार त्यास असला, तरी तपास करणे हे त्याचे काम नव्हे. चुकीच्या दोषसिद्धीचे मूळ मात्र पुष्कळदा अभिलेखाच्या बाहेर असते. पोलिसांच्या संचिकेत राहून गेलेला कागद, न तपासलेला साक्षीदार, दाखल न झालेला प्रयोगशाळेचा अहवाल किंवा आरोपीच्या वयाचा शाळेतील दाखला या गोष्टी अभिलेखातच नसल्याने अपिलाच्या कितीही पायऱ्या चढल्या, तरी त्या न्यायाधीशाच्या दृष्टीस पडत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी फेरतपासणी आयोगाची कल्पना पुढे आली.

चुकीच्या दोषसिद्धीची कारणे : निरनिराळ्या देशांतील अनुभवावरून पुढील कारणे प्रमुख मानली जातात : (१) साक्षीदाराकडून ओळखण्यात झालेली चूक, (२) दबावाने वा छळाने मिळविलेला कबुलीजबाब, (३) आरोपीस अनुकूल असा पुरावा अभियोग पक्षाने उघड न करणे, (४) न्यायसहायक विज्ञानाचा सदोष किंवा अतिरंजित उपयोग, (५) खोटी साक्ष, (६) बचावाच्या वकिलाची अपुरी तयारी. यांपैकी एकेक कारण सहसा एकटे येत नाही. गंभीर गुन्ह्यानंतर लोकक्षोभ होतो, आरोपी लवकर पकडावा म्हणून पोलिसांवर दडपण येते, संशय दुर्बल व अनोळखी समाजगटाकडे वळतो आणि मग पुरावा त्या संशयाभोवती गोळा केला जातो, असा क्रम अनेक प्रकरणांत आढळतो.

उगम व प्रसार : इंग्लंडमध्ये ॲडॉल्फ बेक या गृहस्थास केवळ चुकीच्या ओळखीवरून १८९६ मध्ये व पुन्हा १९०४ मध्ये दोषी ठरविण्यात आले होते. या प्रकरणाने उठलेल्या चर्चेमुळे १९०७ मध्ये तेथे फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. अपील संपल्यानंतर प्रकरण न्यायालयाकडे परत पाठविण्याचा अधिकार पुढे दीर्घकाळ गृहमंत्र्याकडे होता. मात्र पोलीस खाते ज्याच्या अखत्यारीत, त्याच मंत्र्याने पोलिसांच्या चुका शोधाव्यात, ही व्यवस्था समाधानकारक ठरली नाही. १९७४ मधील बाँबस्फोटांच्या संदर्भात गिल्डफर्ड येथील खटल्यात शिक्षा झालेले चौघे १९८९ मध्ये, तर बर्मिंगहॅम येथील खटल्यातील सहा जण १९९१ मध्ये, म्हणजे सुमारे पंधरा-सोळा वर्षांच्या कारावासानंतर निर्दोष म्हणून मुक्त झाले. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाने १९९३ मध्ये स्वतंत्र संस्थेची शिफारस केली. तीनुसार १९९५ च्या फौजदारी अपील अधिनियमान्वये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांसाठी आयोग निर्माण झाला आणि १९९७ मध्ये त्याचे काम सुरू झाले.

स्कॉटलंडमध्ये १९९९ पासून व नॉर्वेत २००४ पासून अशा संस्था कार्य करीत आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००६ मध्ये आयोग नेमला. मात्र तो केवळ प्रत्यक्ष निर्दोषत्वाचा दावा असलेली प्रकरणेच हाती घेतो. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या आयोगाचे काम २०२० मध्ये सुरू झाले. कॅनडाच्या संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये तत्सम कायदा संमत केला.

रचना व कार्यपद्धती : इंग्लंडमधील अधिनियमाप्रमाणे आयोगाच्या सदस्यांपैकी किमान एकतृतीयांश सदस्य कायद्याचा दीर्घ अनुभव असलेले व किमान दोनतृतीयांश सदस्य फौजदारी न्यायव्यवस्थेचे जाणकार असावे लागतात. अर्जासाठी शुल्क नाही व वकिलाची सक्ती नाही. कैदी स्वतः अर्ज करू शकतो. पोलीस, अभियोग विभाग, रुग्णालये, प्रयोगशाळा इ. सार्वजनिक संस्थांकडून कोणतेही कागद व वस्तू मागविण्याचा आयोगास अधिकार असून २०१६ मध्ये खाजगी संस्थांकडील कागदपत्रेही न्यायालयाच्या आदेशाने मिळविण्याची तरतूद झाली. आवश्यक तेथे दुसऱ्या पोलीस दलाच्या अधिकाऱ्याकडून तपास करविता येतो. अपील न्यायालय दोषसिद्धी कायम ठेवणार नाही असा खरोखरीचा संभव असल्यास आयोग प्रकरण त्या न्यायालयाकडे पाठवितो. आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन टक्केच अर्ज अशा रीतीने पुढे जातात. पण पाठविलेल्या प्रकरणांपैकी बहुसंख्य प्रकरणांत अपील यशस्वी होते. नॉर्वेत खटला पुन्हा उघडावयाचा की नाही हे आयोगच ठरवितो आणि फेरसुनावणी मूळ न्यायालयाहून भिन्न न्यायालयात होते.

भारतातील प्रचलित उपाय : सत्र न्यायालयाने दिलेल्या फाशीच्या शिक्षेस उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यक असते. अन्य शिक्षांविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १३६ अन्वये विशेष अनुमतीने सर्वोच्च न्यायालयात जाता येते. सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १३७ अन्वये स्वतःच्या निर्णयाचे पुनर्विलोकन करू शकते. २००२ मधील रूपा अशोक हुर्रा प्रकरणापासून उपचारात्मक याचिकेचा आणखी एक अत्यंत मर्यादित मार्गही उपलब्ध आहे. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्जांची सुनावणी खुल्या न्यायालयात होते. अखेरीस अनुच्छेद ७२ व १६१ अन्वये अनुक्रमे राष्ट्रपती व राज्यपाल यांच्याकडे दयेचा अर्ज करता येतो.

या सर्व उपायांना एक समान मर्यादा आहे. त्यांपैकी कोणताही उपाय स्वतंत्र तपासाची यंत्रणा पुरवीत नाही. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ प्रमाणे (पूर्वीच्या दंडप्रक्रिया संहितेचे कलम ३६२) स्वाक्षरी झालेला निकाल लेखनिक किंवा गणिती चूक दुरुस्त करण्यापलीकडे न्यायालयास बदलता येत नाही. त्यामुळे अपील फेटाळले गेल्यावर दहा वर्षांनी खरा गुन्हेगार सापडला, तरी कैद्याने कोणत्या दाराशी जावे याचे सरळ उत्तर संहितेत नाही. दयेचा अर्ज हा शिक्षेच्या सौम्यतेशी संबंधित असतो. त्यात बहुधा अपराध गृहीत धरला जातो. निर्दोष माणसाने न केलेल्या गुन्ह्याची क्षमा मागावी, अशी विसंगती त्यातून उद्‌भवते.

नाशिक खटला (२००३–१९) : उत्तर महाराष्ट्रातील एका प्रकरणावरून ही उणीव स्पष्ट होते. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतील झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. त्यात पाच जणांचा खून झाला व स्त्रियांवर अत्याचार झाले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातींतील सहा जणांवर खटला भरण्यात आला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशीची शिक्षा दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली व सहाही जणांस पुन्हा फाशी सुनावली. त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे २०१२ मध्ये निष्पन्न झाले. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायाधीशांनी, चुकीच्या पूर्वनिर्णयाच्या आधारे फाशी झालेल्या काही कैद्यांची शिक्षा सौम्य करावी, असे आवाहन राष्ट्रपतींना केले.

पुढे प्रकरणाची पुन्हा सुनावणी होऊन ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले. हल्ल्यातून बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार निराळ्याच व्यक्तींना ओळखले होते. ही ओळख अभियोग पक्षाने खटल्यात पुढे आणली नाही आणि त्या चौघांच्या दिशेने तपासही झाला नाही. प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने राज्य शासनास दिला, तसेच तपासातील कसुरीबद्दल जबाबदार अधिकाऱ्यांविरुद्ध विभागीय कारवाई करण्यास सांगितले. तोपर्यंत कैद्यांच्या आयुष्यातील सोळा वर्षे गेली होती.

या प्रकरणात निर्णायक ठरलेली माहिती २०१९ मध्ये नव्याने निर्माण झालेली नव्हती. ती तपासाच्या पहिल्याच दिवसांपासून अस्तित्वात होती. तीन पातळ्यांवरील न्यायालयांनी दोषसिद्धी योग्य मानली, यावरून ती बरोबर होती असे सिद्ध झाले नाही. फाशीची अंमलबजावणी न झाल्याने व पुनर्विलोकनाचा मार्ग विस्तारल्याने सहा जीव वाचले. केवळ फाशीच्या कैद्यांनाच मिळणाऱ्या खुल्या सुनावणीचा लाभ जन्मठेपेच्या कैद्यास मिळत नाही, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात : पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतून आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निकालांविरुद्धची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे चालतात. जळगाव किंवा धुळे येथून हे खंडपीठ सुमारे दीडशे किमी. अंतरावर आहे, सातपुड्यातील पाड्यांपासून ते याहून बरेच दूर पडते. त्यापुढील दार दिल्लीत आहे. दीर्घ मुदतीचे कैदी सामान्यतः जिल्हा कारागृहातून मध्यवर्ती कारागृहात हलविले जातात. त्यामुळे कैदी एका गावी, त्याचे कुटुंब दुसऱ्या गावी, खटल्याची कागदपत्रे तिसऱ्या ठिकाणी आणि वकील चौथ्या ठिकाणी, अशी स्थिती होते.

भाषेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. या प्रदेशात अहिराणी बोलली जाते. चोपडा, यावल, शिरपूर इ. तालुक्यांच्या डोंगराळ भागांत पावरी व भिल्ली बोली आहेत. साक्षीदाराचे बोलणे पोलीस ठाण्यात प्रमाण मराठीत उतरविले जाते आणि अशा जबानीवर साक्षीदाराची सही घ्यावयाची नाही असा कायद्याचाच दंडक आहे. पुढे अपिलासाठी हे कागद इंग्रजीत जातात. कारण उच्च न्यायालयाचे कामकाज त्या भाषेत चालते. ‘तोच होता’ आणि ‘तोच असावासा वाटला’ या दोन विधानांतील अंतर या दुहेरी भाषांतरात नाहीसे होऊ शकते. त्या अंतरावर माणसाची जन्मठेप अवलंबून असते. मूळ साक्षीदारास त्याच्याच बोलीत पुन्हा विचारण्याची सोय अपिलात सहसा नसते. फेरतपासणी आयोगास ती उपलब्ध असते.

संशयाच्या परंपरेचाही येथे विचार करावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या अधिनियमाने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासही लागू झाली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; तथापि पारधी व अन्य विमुक्त जमातींभोवतीचा संशय समाजातून व पोलीस ठाण्यांतून पूर्णपणे गेला नाही. चोरी वा दरोडा झाल्यावर गावाबाहेरच्या पालांकडे प्रथम बोट दाखविले जाते. भूमिहीन, निरक्षर व स्थलांतरित आरोपीस जामीनदार मिळत नाही आणि स्वतःच्या बचावाचे साक्षीदार गोळा करणे त्यास तुरुंगातून शक्य नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये जिल्हा प्राधिकरणांमार्फत मोफत वकील मिळतो. मात्र त्याचे कार्य न्यायालयातील प्रतिनिधित्वाचे आहे. स्वतंत्र तपासासाठी मनुष्यबळ व अधिकार त्यास नसतात.

संशयाचा असाच भार धार्मिक अल्पसंख्याकांवरही पडतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या स्फोटमालिकेत १८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप दिली. फाशी झालेल्यांत जळगावचा एक रहिवासी होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची दोषसिद्धी रद्द केली. संघटित गुन्हेगारी प्रतिबंधक कायद्याखाली घेतलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नसल्याचे व ओळखीचा पुरावा टिकणारा नसल्याचे न्यायालयाने म्हटले. या बारांपैकी एका कैद्याचे २०२१ मध्ये कारागृहात असतानाच निधन झाले होते. राज्य शासनाने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. तो निकाल अन्य खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून वापरू नये असे त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी सांगितले. मात्र सुटलेल्यांना परत कारागृहात जाण्यास सांगितले नाही. हे प्रकरण नेहमीच्या अपिलात निर्णीत झाले असल्याने ते फेरतपासणीचे उदाहरण नव्हे. परंतु पहिल्या अपिलाचा निर्णय होण्यासही सुमारे दहा वर्षे लागू शकतात, हे त्यावरून दिसते. शिवाय चुकीच्या व्यक्तीस शिक्षा झाल्यास खरा गुन्हेगार मोकळा राहतो व मृतांच्या आप्तांनाही न्याय मिळत नाही.

भरपाई : चुकीने कारावास भोगलेल्या व्यक्तीस भरपाईचा निश्चित वैधानिक हक्क भारतात नाही. १९७९ मध्ये भारताने नागरी व राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. पण बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क देणाऱ्या कलमास हरकत नोंदविली. १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच घटनात्मक अधिकारात भरपाई दिली. त्यानंतर भरपाई प्रत्येक न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहिली. विनाकारण अटक करविणाऱ्याकडून संहितेप्रमाणे मिळू शकणारी रक्कम कमाल एक हजार रुपये आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१७ मधील सूचनेवरून भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७ वा अहवाल सादर केला. चुकीच्या अभियोगाबद्दल भरपाई देण्यासाठी विशेष न्यायालये असावीत, अशी शिफारस त्यात आहे. तथापि २०२३ च्या नव्या संहितेत या शिफारशीचा समावेश झाला नाही. भरपाई ही निर्दोषत्व सिद्ध झाल्यानंतरची पायरी आहे. ते सिद्ध कसे करावयाचे, हा प्रश्न त्या अहवालानंतरही शिल्लक आहे.

आक्षेप व मर्यादा : अशा आयोगावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, निकालांना अंतिमता राहणार नाही व प्रत्येक कैदी अर्ज करील. परदेशांतील अनुभव असा की अर्ज पुष्कळ येतात, पण प्राथमिक छाननीत बहुतेक निकाली निघतात. दुसरा, न्यायालयांच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण होईल. परंतु अंतिम निर्णय न्यायालयाकडेच राहत असल्याने हा आक्षेप टिकत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा असून तो अधिक वास्तव आहे. ज्या राज्यात नेहमीची अपिलेच प्रलंबित आहेत, तेथे नव्या संस्थेपेक्षा न्यायाधीशांच्या रिक्त जागा प्रथम भराव्यात, असे म्हटले जाते. या दोन गोष्टी परस्परविरोधी मात्र नाहीत. पुरेसे न्यायाधीश असले, तरी दडलेला कागद त्यांच्यापुढे आपोआप येत नाही.

आयोग स्थापन केला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. इंग्लंडमध्ये २००४ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झालेल्या एका माणसाचे अर्ज तेथील आयोगाने दोनदा नाकारले आणि जनुकीय चाचणीच्या नव्या पुराव्यामुळे तो अखेर २०२३ मध्ये निर्दोष ठरला. त्या चाचणीची दिशा आयोगास पूर्वीच घेता आली असती, असे चौकशीत दिसून आले व आयोगाच्या अध्यक्षांना २०२५ मध्ये पद सोडावे लागले. तेथील टपाल खात्याच्या सदोष संगणकप्रणालीमुळे शेकडो टपालघरचालक अपहाराबद्दल दोषी ठरले होते. त्यांपैकी काही प्रकरणे आयोगाने न्यायालयाकडे पाठविली व ३९ जणांची दोषसिद्धी एप्रिल २०२१ मध्ये एकाच निकालाने रद्द झाली. तरी सर्वांना दिलासा देण्यासाठी संसदेस २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अपुरा निधी, अल्प कर्मचारी व न्यायालय काय म्हणेल याची अतिरिक्त सावधगिरी यांमुळे आयोग निष्प्रभ होऊ शकतो, हा या अनुभवाचा बोध होय.

महाराष्ट्रातील संभाव्य स्वरूप : फौजदारी कायदा व फौजदारी प्रक्रिया हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत असल्याने संसद किंवा राज्य विधिमंडळ असा कायदा करू शकते, राज्याचा कायदा केंद्रीय संहितेशी विसंगत असल्यास त्यास राष्ट्रपतींची संमती लागेल. अशा कायद्यात पुढील बाबी आवश्यक मानता येतील : आयोग गृह विभागापासून स्वतंत्र असणे, पोलीस, प्रयोगशाळा व कारागृह यांच्याकडील मूळ संचिका मागविण्याचा अधिकार, शिक्षा संपेपर्यंत मुद्देमाल व जैविक नमुने जतन करण्याचे बंधन, मूळ तपासाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यांकडून चौकशी, बोलीभाषांचे दुभाषी, फाशीबरोबरच जन्मठेप व अन्य दीर्घ शिक्षांचाही समावेश, आणि आयोगाने पाठविलेले प्रकरण कलम ४०३ चा अडथळा न येता ऐकण्याचा उच्च न्यायालयाचा स्पष्ट अधिकार. नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ञाची घटनास्थळास भेट आणि झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. या चित्रणांचे व नमुन्यांचे जतन झाल्यास भावी फेरतपासणीस ते मोलाचे साधन ठरेल.

आयोगाच्या उपयुक्ततेची कसोटी मात्र अर्जदाराच्या पल्ल्यात तो आहे की नाही, यावरच ठरते. मध्यवर्ती कारागृहातील निरक्षर कैद्याने आपल्या बोलीत सांगितलेले गाऱ्हाणे उतरवून घेणारी, त्याच्या गावी जाऊन साक्षीदारांस भेटणारी आणि पोलीस ठाण्यातील जुनी संचिका उघडून पाहणारी यंत्रणा जिल्हा पातळीपर्यंत पोहोचली, तरच अपिलाच्या पायऱ्यांखाली राहून गेलेले सत्य न्यायालयापुढे येऊ शकते.